बाजूच्या पट्टीवरचा छत्रीवाला

मित्रांनो, मला जुना म्हणावं की नवा, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. चित्र म्हणून मी जुना. जपानात कुणीतरी लाकडी ठसे कोरून मला कागदावर उमटवलं, त्याला पिढ्या लोटल्या. कॅनव्हास म्हणून मात्र मी अगदी परवाचा. छपाईच्या दुकानातल्या यंत्राने घरघरत मला बाहेर ढकललं, आणि हुबेहूब माझ्यासारखी भावंडं त्याच दुपारी मागोमाग निघाली.

माझ्यात नदी आहे, लाकडी पूल आहे आणि तिरपा पाऊस आहे. पुलावरची माणसं माना खाली घालून पळताहेत. कधीची पळताहेत, पण पोहोचत कुणीच नाही. अशा चित्राच्या जिवाला स्वस्थता कुठून असणार?

त्यात कारागिराने घोळ केला. कॅनव्हास चौकटीवर ताणताना कडा दुमडाव्या लागतात, म्हणून चित्राभोवती जादा कापड सोडतात. ते सोडायचंच राहिलं. मग त्याने चित्रच दुमडलं. पुलाच्या टोकाशी छत्री घेतलेला एक माणूस होता, तो अख्खा उजव्या बाजूच्या पट्टीवर गेला. "बाजूला कोण बघतंय," म्हणत कारागिराने खटाखट पिना मारल्या.

एका जोडप्याने मला घेतलं आणि सोफ्याच्या वर टांगलं. पाहुणे म्हणत, "बघून किती शांत वाटतं!" इकडे माझी माणसं भिजून चिंब. मी सोफ्याला शोभतो, एवढंच माझं कौतुक होतं. पुढे सोफा बदलला आणि माझी रवानगी आतल्या खोलीत झाली.

तिथे सासूबाई होत्या. कंबरेचं हाड मोडल्यामुळे पलंगावरच असत. पलंग माझ्याच भिंतीला चिकटलेला, माझ्या उजवीकडे. त्यामुळे उशीवरून त्यांना माझा चेहरा दिसत नसे, फक्त बाजूची पट्टी दिसे.

एके सकाळी त्या सुनेला म्हणाल्या, "अगं, तो छत्रीवाला बिचारा कधीचा चालतोय."

"कोण छत्रीवाला, आई?"

"हा काय, भिंतीलगत."

सूनबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. नदी, पूल, पाऊस. छत्री कुठेच नाही. त्यांनी नवऱ्याला बोलावलं.

"आई, आज वार कोणता?" मुलाने विचारलं.

"गुरुवार. आणि तुझ्या शर्टाचं बटण एक घर चुकलंय."

"बघ, विषय बदलते," तो बायकोला म्हणाला.

नसलेली माणसं दिसायला लागली म्हणजे घरी सांभाळणं अवघड, असं त्याने ठरवून टाकलं. वृद्धांच्या संस्थेशी बोलणं झालं. शनिवारी गाडी येणार होती. बाई खरं बोलताहेत याचा साक्षीदार मी एकटा, आणि मला तोंड नाही. खिळ्यावर लटकल्या लटकल्या माझा जीव नुसता खालीवर होत होता.

सासूबाईंनी एक युक्ती करून पाहिली. "आता नाही रे दिसत कुणी," असं त्यांनी चक्क खोटं सांगितलं.

"म्हणजे नजरही गेली," मुलगा म्हणाला.

शनिवारी सकाळी त्यांना खुर्चीत बसवून सूनबाई त्यांचे कपडे बॅगेत भरत होत्या. दमल्या, आणि घटकाभर पलंगावर आडव्या झाल्या. मग कितीतरी वेळ हलल्याच नाहीत.

"अहो, इकडे या."

"गाडी येईल आता. काय झालं?"

"आधी इथे आडवे व्हा."

तो कुरकुरत आडवा झाला. त्याने उशीवरून माझ्याकडे पाहिलं.

"छत्री आहे," तो हळूच म्हणाला.

"बूट काढ आधी," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "चादर आजच बदललीय."

गाडी रिकामी परत गेली.

मित्रांनो, मला उन्हात टांगू नका, ओल्या भिंतीवर लावू नका, अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. आणि घरातल्या कुणाला भलतंच काही दिसायला लागलं, तर त्याची बॅग भरण्याआधी एकदा त्याच्या उशीवर डोकं ठेवून पाहा.