चुलीमागची भेग

अक्का सकाळीच पहार घेऊन स्वयंपाकघरात शिरली. माझी थोरली बहीण. सरळ चुलीसमोर येऊन उभी राहिली.

"हो बाजूला. आज ही मोडायचीच."

"हात तर लाव, मग बघ."

"काय बघू? परवा विहीर खणणाऱ्या माणसांना मटण वाढलंस. सुंभ चावल्यासारखे चावत होते बिचारे. मुकादम काय म्हणाला, ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. 'मालक, खाली कातळ फोडायचा आणि वर येऊन हेही फोडायचं का?' सगळे हसले होते.

"मी गॅसची शेगडी आणलीय," अक्का म्हणाली. "मोठी केली की झटक्यात शिजतं. नाहीतर दुसरी बायको आण."

"चूल तिची आहे. तिनं स्वतः माती मळून घातली. मी मेल्यावर मोड."

ही गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो. लाकूड तेच, भांडं तेच, मसालाही तिनंच कुटून ठेवलेला. तरी मटण कोरडं. पाणी कमी पडत असेल म्हणून मी तांब्याने ओतत गेलो. रश्शात पोहणारं मटण आणि दाताखाली चोथा. डोकं चालेना.

अक्कानं पहारेनं चुलीला टोचून पाहिलं. "आधी तर मागच्या भेगेतनं निम्मा जाळ बाहेर यायचा. भिंत काळीठिक्कर. तू लिंपलीस म्हणून आता निदान भांड्याखाली भडका तरी होतो."

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

ती भेग! हिच्या हयातीत मी किती वेळा चिखल घेऊन आलो, आणि हिनं मला हाकलून दिलं. "राहू द्या हो. जाळाला तेवढी वाट हवी." ही गेली, आणि तिच्या चुलीची आबाळ नको म्हणून मी आधी तीच भेग बुजवली. तिच्या वेळी भांड्याला बेताची धग लागायची. माझ्या हातात आल्यापासून सगळा जाळ भांड्याच्या बुडाशी लागायचा, आणि मटण खळाखळा उकळायचं. तशा उकळीनं मांस आवळतं, पिळलेल्या फडक्यासारखं आपलं पाणी सोडून देतं. मग वरून अख्खी विहीर ओतली तरी ते आत परत जात नाही.

"आण ती पहार."

अक्काला वाटलं, मी हरलो. तिनं लगेच दिली. मी चुलीमागे वाकलो आणि लिंपण खरवडून भेग मोकळी केली.

"अरे, वेड लागलं का तुला?"

"लागलं. आज दुपारी माणसं न जेवता उठली तर संध्याकाळी तूच चूल मोड, मी मधे येणार नाही. पण तोवर एक फुंकरही घालायची नाही."

मटण चढवलं. रस्सा जेमतेम हलत होता, मधूनच एखादा बुडबुडा. दुपार झाली तशी अक्का पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी फिरायला लागली.

"लाकूड पुढे सार."

"नाही."

"अरे, माणसं हात धुऊन बसलीत!"

"बसू देत. ती असतानाही माणसं अशीच बसायची."

बाहेर ताटं वाजायला लागली. मुकादम ओरडला, "मालक, बोकड अजून चरतोय का?"

"चरतोय! पोट भरलं की येईल."

अक्कानं हळूच लाकडाकडे हात नेला. मी मधे पाय घातला. जाळाचा चटका बसला, पण हललो नाही.

शेवटी वाढलं. मुकादमानं दोन बोटांनी फोड दाबली, ती सुटली. रस मनगटावर ओघळला, तो त्यानं चाटून घेतला.

"आज कुणी केलं?"

"मीच. चूल तिची, हात माझा."

त्यानं ताट पुढे केलं. मग बाकीच्यांनीही.

अक्का दाराशी बसून जेवली. हाड साफ केलं, हात धुतला आणि उठली. मला वाटलं, पहारेकडे निघाली. तिनं शेगडी उचलून काखेत धरली.

"भिंत परत काळी होणार," जाता जाता म्हणाली.

"होऊ दे."