हुकलेला वसंत

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी टोपी आहे. माथ्यावर मखमल, खाली काळी पट्टी, पुढे काळे चकचकीत टोक आणि मधोमध निळा-पिवळा बिल्ला, असे माझे रूप. जवळून पाहिलेत तर मखमल आता सायीसारखी पिवळसर दिसेल.

स्वीडनमधल्या उप्साला शहरात माझा जन्म झाला. तिथे शाळा संपली की मुलांना अशी टोपी मिळते. मी बिर्गिता नावाच्या मुलीच्या वाट्याला आले. तिथला हिवाळा फार लांबतो. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या दिवशी विद्यार्थी वसंताचे स्वागत करतात. सकाळी घरी बनवलेले तराफे नदीत सोडतात. ते बंधाऱ्यावर उलटतात, मुले गारठलेल्या पाण्यात पडतात आणि काठावरचे लोक हसून टाळ्या वाजवतात. दुपारी ग्रंथालयासमोर सारे जमतात आणि हजारो टोप्या एकदम डोक्यावर चढतात. वाटायचे, बर्फातून एका क्षणात फुलांचे रान उगवले! संध्याकाळी शेकोट्या पेटत. बिर्गिता इतरांबरोबर गाऊ लागली की तिचा सूर माझ्या अस्तरातून थरथरत जाई.

अनेक वसंत गेले. बिर्गिताचे केस पिकले. तिच्या घरी पुण्याची अनुया भाड्याने राहायला आली आणि तिच्याकडून ती गाणीही शिकली. शिक्षण संपवून अनुया निघाली तेव्हा बिर्गिताने मला तिच्या हातात ठेवले.

अनुया न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थला आली. गवतावर संशोधन करू लागली. पहिल्याच वर्षी एप्रिलच्या शेवटच्या दिवशी तिने मला बाहेर काढले. खिडकीबाहेर पाने गळत होती. इथे ऋतू उलटे, एप्रिलमध्ये शिशिराची चाहूल असते. तिने मला कागदात गुंडाळून कपाटात ठेवले. त्या अंधारात मी नदीची स्वप्ने पाहत राहिले. अनुयाचे गाणेही हळूहळू थांबले.

यंदा सप्टेंबरात तिची मुलगी गार्गी कपाट आवरत होती.

"मम्मा, ही हॅट सो ओल्ड! ऑप शॉपला देऊ?"

"दे," अनुया मागे न पाहताच म्हणाली.

मित्रांनो, जुने सामान विकणाऱ्या दुकानाच्या पिशवीत पडताना माझ्या मनाचे काय झाले असेल! पिशवी दाराशी ठेवली होती. अनुयाचे वडील नीलकंठराव पुण्याहून राहायला आले होते. उन्हात फिरायला निघताना त्यांनी मला उचलले, झटकले आणि सरळ डोक्यावर घातले.

कितीतरी वर्षांनी वाऱ्याने मला स्पर्श केला. आम्ही मानावातू नदीच्या काठाने चाललो. कोव्हायची झाडे पिवळ्या फुलांनी लगडली होती. सायकलवरून जाणारी एक बाई माओरी भाषेत नमस्कार करत ओरडली, "किया ओरा! लव्ह द हॅट!" नीलकंठरावांनी मला उचलून तिला सलाम केला.

परतलो तेव्हा अनुया अंगणात होती. ती जागीच थबकली.

"बाबा, तुम्ही हे काय घातलंय?"

"का गं? ऊन लागत होतं. तिकडे बघून ये, नदीकाठी काय फुलं आलीत! वसंत आलाय की तुमच्याकडे."

अनुया हसली आणि हसता हसता रडू लागली. तिने तिथूनच बिर्गिताला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर अंथरुणाला खिळलेली बिर्गिता दिसली. एप्रिलमध्ये ती इस्पितळात होती, आणि यंदाचा वसंत तिला बघायलाच मिळाला नव्हता. अनुयाने मला डोक्यावर चढवले, कोव्हायची एक फांदी फोनसमोर धरली आणि गाऊ लागली. सुरुवातीला आवाज फाटला, मग लागला. बिर्गिता ओठ हलवत होती.

"माझा हुकलेला वसंत," ती म्हणाली, "तुझ्याकडे होता होय!"

गार्गी हळूच येऊन आईला बिलगली. "टीच मी," म्हणाली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, पण कपाटात कोंडून नको. आम्हाला ऊन दाखवा, वारा लागू द्या. वापरून विरलो तरी चालेल. गार्गीचे डोके लहान आहे. मी तिच्या डोळ्यांवर घसरते, आणि ती मला पुन्हा पुन्हा वर सारते.