विषाणू आढळला नाही

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पाणी पाजून रोग घालवणारे पाणीवाले गुरुजी, आणि त्यांच्या शेजारी नदीपलीकडच्या देशातून आणलेला, 'बरा झालेला' ट्रक ड्रायव्हर. गुरुजींच्या बाटलीत पाणी साधंच होतं. मंतरलेला होता तो फक्त आवाज.

"याला एचआयव्ही होता. आता रिपोर्ट ऐका."

पुढच्या रांगेतल्या निवृत्त कारकुनाने माइकवर वाचलं, "विषाणू आढळला नाही."

टाळ्या पडल्या. आमच्या गावात चावी आढळली नाही तर ती घरातच कुठेतरी आहे, असं सगळे धरून चालतात. विषाणू आढळला नाही म्हणजे तो गेलाच, यावर मात्र क्षणात एकमत झालं.

"अट एकच," गुरुजी म्हणाले. "दवाखान्याची गोळी आणि माझं पाणी एका पोटात नांदत नाहीत. गोळ्या टोपलीत टाका."

टोपली रांगारांगांतून फिरू लागली. कुणी काय टाकलं ते दिसू नये म्हणून तिच्यावर कापड होतं. गुरुजींची माणुसकी तेवढीच. दुसऱ्या रांगेत सातव्या महिन्यातली शिंपीणबाई बसली होती. तिच्याही रिपोर्टवर तेच शब्द होते, रोजच्या गोळीमुळे. सासूने तिच्या पिशवीतली डबी केव्हाच काढून घेतली होती.

"आई, द्या ती इकडे."

"गप. नातवासाठीच करतेय."

"नातवासाठीच मागतेय मी."

मागे भिंतीला टेकून दोन डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, एक आमच्या दवाखान्यातली, दुसरी नदीपलीकडची. कामासाठी माणसं इकडून तिकडे जातात आणि गोळ्या मध्येच संपतात, म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकमेकांच्या रुग्णांना औषध द्यायचं ठरवलं होतं. त्याच कामाच्या फोनवर आमची म्हणाली होती, "इथे एक गुरुजी तुमच्याकडची बरी झालेली माणसं दाखवतोय."

"कमाल आहे. इथे तो तुमच्याकडची दाखवतो."

मग दोघींना डाव कळला. माल नदीच्या एका काठाचा, दुकान दुसऱ्या काठावर. ओळखणारं कुणी नाही. ड्रायव्हर पलीकडच्या बाईंकडूनच गोळ्या नेतो, पण रुग्णाचं नाव फोडायचं नाही, हा दोघींचा नियम. त्यामुळे आता सगळं कळूनही ड्रायव्हरकडे बोट दाखवता येत नव्हतं.

टोपली पहिल्या रांगेच्या टोकाला आली. आमच्या डॉक्टरीणबाई पुढे झाल्या.

"गुरुजी, गोळी विषाणूला मारून टाकत नाही, दाबून ठेवते. इतकं, की तपासणीत तो सापडत नाही. सोडली की परत येतो. पोटुशी बाई असेल तर बाळालाही होऊ शकतो."

"संशयाने पाणी नासतं, बाई," गुरुजी गोड हसले. "टोपली पुढे जाऊ द्या."

लोक डॉक्टरीणबाईंनाच खाली बसा म्हणू लागले. टोपली सासूपुढे आली. सासूने कापड उचललं. शिंपीणबाईने दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं आणि तशीच, अवघडलेली, उभी राहिली. तिचं पोट व्यासपीठावरून दिसलं.

ड्रायव्हरने कारकुनाच्या हातून माइक घेतला.

"मावशी, टाकू नका. मी गोळी सोडलेली नाही. आज सकाळीही घेतली." त्याने खिशातून डबी काढून दाखवली. "चुकू नये म्हणून गुरुजी स्वतः फोन करतात. रिपोर्ट बिघडला तर कार्यक्रम बंद पडेल ना."

गुरुजींनी घसा साफ केला. मागून कुणीतरी म्हणालं, "थोडं पाणी घ्या."

हशा पिकला, पण थोडाच. टोपलीत आधीच किती डब्या पडल्यात, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ती ताब्यात घेतली. "मी दवाखान्यात बसते. डबी न्यायला एकेकाने या. कुणी काही विचारणार नाही."

बाहेर जिन्याखाली सासूने त्यांना गाठलं. "मग हा रोग जाणार कधी?"

"जाणार नाही, आई. पण गोळी रोज घेतली तर दबून राहील. बाळाला होण्याची शक्यता फार थोडी उरेल."

"आणि ही माहेरी गेली की? नदीपलीकडे आहे."

"तिथे ह्या आहेत," आमच्या डॉक्टरीणबाईंनी शेजारी बोट दाखवलं.

म्हणून सांगणं एवढंच. कुणी लांबचा माणूस आणून चमत्कार दाखवला, तर त्याच्या गावात चौकशी करा. आणि दवाखान्यात विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. सासूने डबी सुनेच्या हातात दिली, आणि लगेच परत मागितली. झाकण घट्ट लागलंय का, ते बघायला.