निळ्या गाडीची बॅटरी

राजाराम पोलीस खात्यात ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांचा सगळा जीव वीस वर्षांच्या मोटरसायकलवर जडला. तिला हात लावायची परवानगी एकाच माणसाला होती, चिंचपोकळीच्या जयवंतला. चाळीखालच्या अरुंद खोलीत जयवंतचं गॅरेज होतं आणि दोघांची दोस्ती गाडीपेक्षाही जुनी होती.

मे महिन्यात गाडीची बॅटरी बसायला लागली. जयवंतने नवी घातली, तीही चार दिवसांत बसली. मग त्याने रेक्टिफायर बदलला. इंजिनातली वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा तो डबा. आठवड्याने राजाराम परळच्या सिग्नलला अडकले. मागे बस हॉर्न मारतेय आणि स्टार्टरचं बटण दाबलं तर नुसतं टक् टक्. गाडी ढकलत ते गॅरेजवर पोचले आणि तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "जयवंत, तुला आता जमत नाही रे."

जयवंतने फडक्याला हात पुसले. "मग ज्याला जमतं त्याच्याकडे ने."

त्यानंतर महिनाभर दोघं बोलले नाहीत. राजाराम घरात पेपर उलटासुलटा करत बसायचे. शेवटी त्यांच्या मुलीलाच ते बघवेना. संघमित्रा एका हॉस्पिटलातली मशीनं दुरुस्त करायची. एका रविवारी सकाळी ती मल्टिमीटर घेऊन पार्किंगमध्ये उतरली. नायगावच्या चाळीतून टॉवरमध्ये आल्यापासून गाडीला निदान डोक्यावर छप्पर तरी होतं.

"पप्पा, मीटर लावलं होतं का कुणी?"

"जयवंत कानाने ओळखतो," राजाराम म्हणाले. मग चुकून कौतुक केल्यासारखं वाटून गाडीचा आरसा पुसायला लागले.

बॅटरी चार्ज करून आणलेली होती. तिने इंजिन चालू केलं आणि मीटर बॅटरीला लावलं. बारा पॉइंट तीन व्होल्ट. रेस केल्यावर आकडा चौदाच्या आसपास जायला हवा होता, तो जागचा हलला नाही. म्हणजे बॅटरीपर्यंत वीज पोचतच नव्हती. मग तिने इंजिनात वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलचा प्लग काढला आणि तीन पिवळ्या वायरी दोन-दोन करून मोजल्या. तिन्ही जोड्यांत सारखीच वीज.

"कॉइल ठणठणीत आहे. रेक्टिफायर नवा आहे."

"नवा म्हणून चांगलाच असं नाही," राजाराम म्हणाले.

"तेच बघते." प्लग परत लावून, चालू इंजिनवर तिने मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं रेक्टिफायरच्या अंगाला लावलं. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं. दीड आलं. "डबा चांगला आहे, पप्पा. वीज परत यायची वाटच कुठेतरी अडलीय. अर्थिंग."

बॅटरीचा खण सोडवून तिने मागे टॉर्च मारला. फ्रेमला नटबोल्टने आवळलेली एक काळी वायर होती. बोल्ट चकाचक निळा. वायरीचं टोकही निळं.

"हा रंग कधी दिलात?"

राजारामांनी चष्मा काढून पुसला. "एप्रिलमध्ये. जयंतीच्या आधी. सगळं सोडवून, एकेक नट मोकळा करून, दोन हात दिले. तूच म्हणालीस, शोरूममधून आणल्यासारखी दिसते."

"वायर काढून खालीपण दिलात?"

"अर्धवट काम मला आवडत नाही."

संघमित्रा फरशीवर बसून हसायला लागली. "रंगातून वीज जात नाही, पप्पा." राजाराम हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून पॉलिश पेपर घेतला आणि धातू दिसेपर्यंत स्वतः घासत राहिले. वायर परत आवळली. इंजिन चालू केल्यावर मीटरवर चौदा पॉइंट दोन आलं.

"चल, बस मागे," ते म्हणाले.

गॅरेजसमोर त्यांनी गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. जयवंत एका स्कूटरचं चाक सोडवत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"बंद कर ते. पेट्रोल जळतंय."

राजारामांनी चावी फिरवली. "अर्थिंग होतं."

"कुठलं?"

"बॅटरीच्या मागचं. त्याला मी रंग दिला होता. खालूनपण." ते थांबले. तिथे आजही दोन गिऱ्हाइकं होती. "तुझं काम बरोबर होतं, जयवंत. सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं माझं."

जयवंतने पाना खाली ठेवला. उठून त्याने बॅटरीच्या खणात डोकावलं, बोट फिरवलं. "मीपण हात घालून बघायला हवं होतं. तुझ्या रंगावर ओरखडा पडेल म्हणून घातला नाही." मग तो टाकीखाली वाकला आणि तसाच राहिला. खांदे हलायला लागले.

"काय झालं, काका?" संघमित्राने विचारलं.

"मेल्याने हॉर्नची जाळीपण रंगवलीय. म्हणून तो असा सर्दी झाल्यासारखा वाजतो."

राजारामांनी हॉर्न दाबला. खरंच सर्दी झालेला आवाज आला. मग मात्र त्यांना आवरलं नाही. जयवंतने स्टूल पुढे ओढलं, चहा सांगितला आणि हॉर्न सोडवायला घेतला.