अण्णारावांचा उजवा हात

"आधी आडनाव सांगा. मंग बोलतो," अण्णाराव म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. आमच्या भागात आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं, आणि आरक्षणाच्या भांडणानं गावंच्या गावं दुभंगल्यापासून तर सरळ बाजू विचारणं. तालुक्याच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं समुपदेशक आहे. दारावरच्या पाटीवर फक्त 'उज्ज्वला' आहे. प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं, खोलीत राजकारण आणायचं नाही. पेशंटचं नाही, स्वतःचंही नाही.

अण्णारावांचा उजवा हात दोन महिन्यांपासून खांद्याच्या वर जात नव्हता. लातूरला जाऊन एक्स-रे काढले, सगळं ठाकठीक. हाडाच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. मागच्या खेपेला अण्णाराव एवढंच म्हणाले होते, "मारुतीच्या पारावर बैठक झाली ती..." आणि मी शहाणी लगेच मधे पडले, "मामा, राजकारण राहू द्या. मनातलं बोला." माणूस गप्प झाला तो झालाच. त्यानंतर त्यांच्या बायकोनं, सरजाबाईंनी, त्यांना दोनदा विहिरीच्या काठावरून ओढून आणलं होतं.

आज त्या हात जोडून बसल्या होत्या. "सांगून टाका की ताई. न्हाई तर हे उठून जातील. मी एकली किती राखू ह्यांना?"

खरंच होतं. आज न बोलता गेले, तर तिसऱ्यांदा ओढायला कुणी जवळ असेलच असं नव्हतं. मी आडनाव सांगितलं.

अण्णाराव ताठ झाले. "निलंग्याकडचे? वारीक?"

"हाव. वारकाचीच पोरगी." न्हाव्याला वारीक म्हणणारी घरची बोली तोंडात आली माझ्या.

ते उठले आणि दारापर्यंत गेले. सरजाबाई रडायला लागल्या. "मामा," मी म्हटलं, "मागच्या वेळी मी तुम्हाला बोलू दिलं नाही. चुकलंच माझं. बैठकीत काय झालं?"

ते दाराकडेच तोंड करून बोलले.

"आमच्या गावात ज्ञानोबा वारीक. तीस वर्सं माझी दाढी त्यानंच केली. बाप गेला तवा माझं डोस्कं त्यानंच भादरलं, अन् माझ्याहून जास्ती त्योच रडला. बैठकीत म्हनले, त्यांची लोकं आपल्या आरक्षनाच्या इरोधातल्या मोर्चाला गेली, आता त्याच्या दुकानात कुनी पाय ठिवायचा न्हाई. कबूल असंल त्यानं हात वर करा. समद्यांनी केला. मीबी केला." मग म्हणाले, "ज्ञानोबा समोरच हुता, बाई. दुसऱ्या कुनाकडंच न्हाई, माझ्याकडंच बघून राहिला हुता. तवापासून ह्यो हात वर होईना."

"आता कुठं आहेत ते?"

"लातूरला. बिऱ्हाड घेऊन गेला. वॉचमन हाय म्हनं कुठंतरी."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, असा आला की वाटलं, जा बाबा, जा तुझ्या विहिरीकडं. माझ्या बापाच्या दुकानाविरुद्धही अशाच एका पारावर हात वर झाले होते. मग माझीच मला भीती वाटली. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

अण्णाराव वळले. "तुमचे वडील... दुकान चालतं का त्यांचं?"

पेशंटला स्वतःच्या घरचं सांगायचं नसतं.

"रोज सकाळी उघडतात," मी म्हटलं. "झाडून घेतात, आरसा पुसतात. मग संध्याकाळपर्यंत बसून राहतात."

अण्णाराव भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसले आणि ओक्साबोक्शी रडले. सरजाबाई उठू लागल्या, त्यांना मी खुणेनं थांबवलं.

डोळे पुसत ते म्हणाले, "मला हाकला, बाई. तुमी मला बरं कशाला करायलाव?"

मी वेळांची वही पुढं ओढली. "पुढच्या बुधवारी, अकरा वाजता," मी म्हटलं. आवाज गोड करता आला नाही. "तोवर विहिरीकडं जायचं नाही. मला शब्द द्या."

"दिला," ते म्हणाले. सरजाबाईंनी त्यांना धरून उठवलं आणि दोघं गेली.

बाहेर पेशंटची रांग होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी आतून दार लावून घेतलं आणि माझ्या बापासाठी रडून घेतलं.