फ्रेमवर उगवलेली राख

कोराडीच्या आमच्या कॉलनीतल्या समाजमंदिरात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या मांडीवर लाल फडक्यात गुंडाळलेली एकेक फोटोफ्रेम होती आणि प्रत्येक फ्रेममध्ये घरातलं गेलेलं माणूस. सत्संग घेणारे भैयाजी दर वेळी रांगेतून फिरत, फडक्यातून फ्रेमची कड तेवढी बाहेर काढून तीर्थात भिजवलेला कापसाचा बोळा तिच्यावर घासत. मग तासभर प्रवचन. मग "उघडा!" फडकी सुटली की हॉलभर हुंदके फुटत, कारण फ्रेमच्या कडेवर पांढरी, मऊ राख उगवलेली असे. हो, उगवलेलीच. बघता बघता ती वाढायची.

भैयाजींचं तत्त्वज्ञान सोपं होतं. "दुख से भागो मत! दुःख म्हणजे आत्म्याचं खत. जितकं सोसाल तितका आत्मा वाढेल, आणि आत्मा वाढला की विभूती आपोआप वर येईल!" मग काय, कॉलनीत दुःखाची चढाओढ लागली. महादेवरावांच्या फ्रेमवर नखभर राख आली तेव्हा इंदुताईंचा चेहरा पडला. त्यांच्या सासूबाई नव्वदाव्या वर्षी झोपेत गेल्या होत्या, त्यात सोसायला फारसं काही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, औष्णिक वीज केंद्राची वसाहत, सगळी शिकली-सवरलेली माणसं, ती फसली कशी? अहो, शहाणपणामुळेच फसली. आम्ही जन्म राखेत काढला. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घरात घेत नाही, खिडकीची चौकट पुसल्याशिवाय तिच्यावर हात ठेवत नाही. राखेची पारख आमच्याइतकी कुणाला असणार? बॉयलरवरून निवृत्त झालेल्या महादेवरावांनी पहिल्याच दिवशी चिमूट बोटांत चोळली, हुंगली आणि निकाल दिला, "हे आपल्या चिमणीची राख नाही गा. आपली काळपट रायते, खरखरीत. हे तं मलाईसारखी आहे." आमच्या चिमणीची नाही, म्हणजे देवाची. तिसरं काही असू शकतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

माझ्या आलं होतं. मी, मधुसूदन, याच केंद्राच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नोकरी केलेला माणूस. पण मी गप्प बसलो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

गप्प बसलो ते सुहासिनीमुळे. आमची भिंतीला भिंत लागून घरं. आठ महिन्यांपूर्वी तिचा नवरा जितेंद्र ड्यूटीवरून आला, चहा मागितला आणि चहा उकळायच्या आत गेला. तेव्हापासून ती दगड झाली होती. भैयाजींच्या सत्संगात ती पहिल्यांदा रडली. म्हटलं, रडते आहे ना, मग असू दे.

पुढे तिनं शुगरच्या गोळ्या सोडल्या. "काका, भैयाजी म्हणते गोळीनं दुःख दबते. दबलं का वाढ थांबते," असं तिनं मला शांतपणे सांगितलं. पायाला चप्पल चावली होती, ती जखम चिघळून एक बोट काळं पडायला लागलं. भैयाजींनी ते पाहून हात जोडले, "अंकुर फूट रहा है, बेटी!" रोज सकाळी ती फ्रेमवरची चिमूटभर राख जिभेवर ठेवायची.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, जितेंद्रची धाकटी बहीण दीपमाला आली. कन्हानच्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवते. वहिनीचा पाय पाहून तिनं अख्खं घर डोक्यावर घेतलं.

"वहिनी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला!"

"सोमवारी जाऊ वं. उद्या सत्संग आहे."

सत्संगाची सगळी हकीकत वहिनीकडून ऐकून दीपमाला पाय आपटत माझ्याकडे आली. "काका, हा भैयाजी लाकडाची फ्रेम काहून घेत नाही?"

"लाकडात अहंकार असतो म्हणे. अ‍ॅल्युमिनियम विनम्र."

"अन् हातात रबरी मोजे?"

"जगाचं दुःख हाताला लागू नये म्हणून."

ती हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. रविवारी तीही लाल फडक्यात एक फ्रेम घेऊन वहिनीच्या शेजारी बसली.

"उघडा!" भैयाजी म्हणाले. दीपमालानं फडकं सोडलं आणि फ्रेम उंच धरली. राख तर सगळ्यांपेक्षा दाट. आत फोटो होता तिच्या स्कूटीचा.

"भैयाजी, हे माही स्कूटी. इनं काय सोसलं?"

"रस्त्यातले खड्डे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसला.

भैयाजी तयारीचे गडी. "बेटी, जड वस्तूतही आत्मा असतो."

"मग लाकडात काहून नसते?"

उत्तराची वाट न पाहता तिनं स्वतःचे रबरी मोजे चढवले, भैयाजींच्या ताटातला वापरलेला बोळा उचलला, प्रसादाच्या पातेल्याचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण चावीनं खरवडलं आणि त्यावर बोळा घासला. पाच-दहा मिनिटं सगळे माना लांब करून बघत होते. झाकणावर पांढरे धुमारे फुटले.

"आता सांगा, या झाकणाचं कोण मेलं?"

इंदुताईंनी आपली फ्रेम मांडीवरून खाली ठेवली.

"अ‍ॅल्युमिनियमवर एक पातळ थर असते," ती वर्गात सांगावं तसं सांगू लागली. "तो आहे म्हणून भांडं टिकते. या तीर्थात पाऱ्याचा क्षार आहे. पारा तो थर फोडते, मग हवा लागली का धातू गंजून, पांढरा होऊन वर येते. कोणाचा आत्मा वाढून नाही राहिला बाप्पा, फ्रेम झिजून राहिली! अन् पारा जहर आहे. ते तुम्ही जिभेवर ठेवून राहिले."

भैयाजी मागच्या दाराकडे सरकले. दारात महादेवराव उभे होते, चिमटीत राख घेऊन. "दुःखापासून पळू नका, भैयाजी. घ्या, चिमूटभर."

"आज मेरा उपवास है," भैयाजी म्हणाले. तेवढ्या एका वाक्यानं उरलासुरला चमत्कार संपला. महादेवरावांनी दार सोडलं नाही आणि मी पोलिसांना फोन लावला. उशिरा का होईना, लावला.

या गोंधळात सुहासिनी जागची हलली नव्हती. जितेंद्रची फ्रेम मांडीवर धरून ती म्हणाली, "मग आठ महिने मी काय केलं वं?"

दीपमाला तिच्याजवळ खाली बसली. "तुम्ही सोसलं, वहिनी. एकटीनं सोसलं. त्यात या माणसाचा काही वाटा नाही. माहा भाऊ होता तो, मीही रोज रडते. रडणं झालं का उठते अन् कॉलेजात जाते. तुम्ही उठा. पाय वाचवायचा आहे."

दुःख कुणाला चुकलेलं नाही. त्यातून तरून जायला कुणी भजन म्हणतो, कुणी बुद्धवंदना घेतो, कुणी शेजारणीकडे जाऊन मनसोक्त रडतो. ज्याला ज्यातून बळ मिळेल ते त्यानं घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. पण तुमचं दुःख वाढलं पाहिजे असं सांगणारा भेटला, तर तो स्वतः ते का घेत नाही एवढं जरूर विचारा. शक्यतो जिभेवर काही ठेवायच्या आधी विचारा, आणि मनात शंका आली तर माझ्यासारखं भिंतीआड बसू नका.

त्याच दुपारी सुहासिनीला दवाखान्यात भरती केलं. पाऱ्यासाठी रक्त तपासलं, शुगरचं औषध पुन्हा सुरू झालं. बोट काढावं लागलं, पाय राहिला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना ती कळवळली, तेव्हा नर्सनं विचारलं, "सहन होतं का, ताई, की दुखण्याचं इंजेक्शन देऊ?"

सुहासिनीनं पायाकडे पाहिलं.

"सहन होते," ती म्हणाली. "पण काहून करू? द्या इंजेक्शन."