शेपूट नसलेला मासा

मुंगीच्या उजव्या मनगटावर एक मासा होता आणि त्याला शेपूट नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मैत्रिणीच्या नादाने ती गोंदवून घ्यायला गेली. अर्ध्यावर सुई अशी काही झोंबली की हात ओढून घेऊन ती तडक घरी आली. आईने आठ दिवस अबोला धरला. बाबांनी मात्र चष्मा कपाळावर चढवून मनगट न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "हे पुरं कधी करणार?" एकतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. अर्धवट काम त्यांना बघवत नसे.

नोंदणी खात्यातल्या लेखनिकाच्या जागेसाठी मुंगीने अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा तो बाबांनीच भरला. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. 'शरीरावरील ओळखीच्या दोन खुणा' या रकान्याशी ते थबकले. डाव्या कानाखाली एक तीळ सापडला. दुसरी खूण काही केल्या सापडेना. गुडघे पाहिले, कोपरं पाहिली.

"हिला कधी धड पडूसुद्धा दिलं नाहीस तू," ते आईवर उखडले.

शेवटी त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'उजव्या मनगटावर गोंदलेला मासा, शेपूट नाही.' आणि स्वतःवरच खूश होऊन पेनाचं टोपण लावलं.

मुंगी परीक्षेत पास झाली, यादीत अकरावी आली. मग तपासणीचं बोलावणं आलं आणि सोबत सूचनांचा कागद. कलम चौदा वाचताना बाबांच्या हातातला चहा निवून गेला. 'उमेदवाराच्या शरीराच्या दर्शनी भागावर गोंदण आढळल्यास पात्रतेबाबत सक्षम प्राधिकारी निर्णय घेईल.'

"म्हणजे चालतं की चालत नाही?" आईने विचारलं.

"निर्णय घेईल, असं म्हटलंय."

"कोण?"

"सक्षम प्राधिकारी."

"अहो, पण तो कोण?"

बाबांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात हजारदा लिहिले असतील. त्या माणसाला मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते खात्याच्या कचेरीत गेले. पहिल्या खिडकीतला म्हणाला, "वर्दीची नोकरी असेल तर नाही चालत. तुमची लेखनिकाची ना? मग खुशाल." बाबांना हायसं वाटलं, पण सवयीने त्यांनी विचारलं, "हे लेखी मिळेल?" तसा तो एकदम परका झाला. "लेखी शेजारी विचारा." शेजारच्या खिडकीतली बाई म्हणाली, "लोकांसमोर बसायची जागा आहे. हात दिसणारच. मी तुमच्या जागी असते तर काढूनच टाकलं असतं."

ते त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, सात-आठ महिने लागतील, आणि पुसट डाग राहील तो राहीलच. तपासणीला उरले होते नऊ दिवस. आणि समजा काढलाच, तर अर्जातली खूण कुठून दाखवायची? मासा ठेवावा तर मुलगी अपात्र, काढावा तर ती मुंगीच कशावरून? बाबांचं डोकं चालेनासं झालं. जेवताना त्यांनी भातावर आमटीऐवजी पाणी ओतलं.

तोडगा मामाने काढला. मामा म्हणजे आईचा भाऊ. नाटकमंडळीत रंगभूषा करायचा. "त्यात काय एवढं भाऊजी! असा लेप देतो की मासा तळाला जाईल."

"आणि खूण विचारली तर?"

"पुसायचा. ओला रुमाल खिशात ठेवा."

बाबांना ते पटलं. विचारलं तर मासा आहे, नाही विचारलं तर नाही. एवढा सोयीचा मासा त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता.

"बाबा, मला हे आवडत नाहीये," मुंगी म्हणाली. "आहे तर आहे."

"तू गप्प बस. नोकरी कोणाला हवीय?"

"मलाच. म्हणून तर म्हणतेय."

तपासणीच्या दिवशी एका लांबट खोलीत तीन टेबलं मांडलेली होती. पालकांना दारापर्यंतच मुभा होती. बाबा चौकटीला चिकटून उभे राहिले. पहिल्या टेबलाशी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कानाखालचा तीळ पाहिला, अर्जावर बरोबरची खूण केली आणि मनगट हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं.

"मासा कुठाय?"

बाबा दारातूनच ओरडले, "आहे! आहे! खाली आहे!" आणि ओला रुमाल घेऊन आत घुसले. घासघास घासलं. लेप तसूभर हलेना. मामाने दिला होता तो घामाने न उतरणारा, तीन अंकी नाटकाचा लेप.

"हे काय लावलंय?" बाईंनी विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं, पण मुंगीच म्हणाली, "मासा झाकलाय. दिसला तर नोकरी जाईल असं वाटलं घरी. चूक झाली."

बाईंनी स्पिरिटचा बोळा घेतला. हळूहळू आधी डोळा वर आला, मग खवले. "शेपूट नाही. बरोबर," त्या म्हणाल्या आणि खूण केली.

"मग ती पात्र ना?" बाबांचा आवाज चिरकला.

"माझं काम मासा आहे की नाही एवढंच. चालतो की नाही ते तिकडे."

तिकडच्या टेबलावरच्या साहेबांनी कलम चौदा दोनदा वाचलं. मग शेजारच्या साहेबांना विचारलं, "सक्षम प्राधिकारी म्हणजे आपणच का हो?"

"मला वाटतं, वरचे."

"वरच्यांनी तर आपल्याकडे पाठवलंय."

दोघं बराच वेळ मनगटाकडे पाहत राहिले. मासाही त्यांच्याकडे पाहत राहिला. अखेर साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. 'गोंदणाबाबत अंतिम निर्णय होईपर्यंत, त्या निर्णयाच्या अधीन राहून नेमणूक.' मान्य असेल तर सही करा.

"हा निर्णय कधी होईल?" बाबांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"नाही झाला तर?"

"तर नाही झाला."

बाबांनी कागद तीनदा वाचला. ही नोकरी मिळाली म्हणायची की नाही, काही केल्या कळेना. असा कागद त्यांच्या टेबलावर आला असता, तर 'स्पष्ट खुलासा मागवावा' असा शेरा मारून त्यांनी तो परत पाठवला असता. आणि खुलासा यायला वर्षं लागली असती, हेही त्यांनाच ठाऊक होतं.

मुंगी पेन हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होती. "बाबा, करू?"

"मला काही समजत नाहीये बाळा," ते म्हणाले. घरातल्या कुठल्या कागदाबद्दल असं ते पहिल्यांदाच बोलत होते. "पण कर तू."

तिने सही केली. कोंबडीच्या पायांची, सरळ रेघेच्या बरीच खाली उतरलेली. साहेबांनी शिक्का मारला आणि सांगितलं, "सोमवारी दहाला या. दहा म्हणजे दहा."